कुटस्थ थोरलीकडे

३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस. परवा सात वेळा केला. आठव्यांदा उचललास आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. ताई, तुझा आवाज मी चोपन्न वर्षं ऐकतोय. राँग नंबर असं खेकसून कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलीस, लिहिलेला कागद समोर आला की वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तांबडी पेन्सिल तेवढी लांब ठेव.

अण्णांना जाऊन तीन महिने झाले. तेव्हाही तू हॉस्पिटलमधूनच परत गेलीस, घराची पायरी चढली नाहीस. ते असो. दुकानाची जमीन खचली होती, ती उखडून सिमेंट करायचं ठरवलं आणि सामान हलवायला घेतलं, तर भात्यामागच्या फळीवर अण्णांची खिशातली वही सापडली. आत खिडक्यांची मापं, बिजागऱ्यांची चित्रं, कुणाचा कोयता कधी द्यायचा ते. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात एवढंच:

"कुटस्थ थोरलीकडे. बाकी सगळं धाकट्याकडे."

थोरली तू, धाकटा मी, इथपर्यंत माझं डोकं चाललं. पुढे गाडी अडली. मला कूट माहीत आहे ते दाण्याचं. हिने तर फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले. मग म्हणाली, अहो, हा शब्द अण्णांच्या पोथीतला असणार, वन्सं लहानपणी त्यांना वाचून दाखवायच्या, त्यांनाच विचारा. म्हणून विचारतो. तुझी वस्तू तुला पोचवणं माझं काम. ती काय आहे तेवढं कळव.

तुझा धाकटा भाऊ
(तू ठोंब्या म्हणतेस तो)


१० मार्च

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक तांबडी खूण. कूटस्थ. कू दीर्घ. वडिलांनी मागे ठेवलेला शब्द तरी नीट उतरवायचास. नऊ वर्षांपूर्वी पाटीवर 'वेल्डींग' रंगवून घेतलं होतंस, मी चूक दाखवली तर भांडलास, अजून तिथंच आहेस.

आणि तो राँग नंबरच होता. मला ज्या भावाचा फोन यायला हवा होता तो भाऊ "तुला काय कळतं लोखंडातलं? शाईचे हात तुझे" असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणणारा नाही.

शब्द पोथीतल्या पंधराव्या अध्यायातला आहे. जगात जे म्हणून आहे ते झिजतं, बदलतं, संपतं. या सगळ्यात जो बदलत नाही, हलत नाही, तो कूटस्थ. म्हणजे आत्मा, ठोंब्या. मी चौदा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंना विचारून आले होते. सकाळची वेळ. अण्णा काम सुरू करायच्या आधी फडक्याने ऐरण पुसत होते. मी म्हटलं, "अण्णा, कितीही सोसावं लागलं तरी जो जागचा हलत नाही, तो कूटस्थ." ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुसत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

ऐकलं होतं म्हणायचं. तुला दुकान दिलं आणि मला आत्मा.

खरं सांगू? फार लागलं मला. त्या दुकानात तुझ्याआधी हातोडा मी उचललाय. तू भात्याच्या आवाजाने भोकाड पसरायचास. पंधराव्या वर्षी अण्णांनी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला, पुस्तक दिलं, आणि त्यानंतर दुकानात मी फक्त डबा घेऊन जायची. वाटलं होतं, जाताना तरी एखादी सांडशी बाजूला काढून 'ही थोरलीची' म्हणतील. तर तत्त्वज्ञान दिलं. पोराला हत्यारं आणि पोरीला उपदेश. असो. आत्मा पोचला. पार्सल करायची गरज नाही.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

सा. न.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. आत्मा! काय सुंदर अर्थ आहे. अण्णा म्हणजे अण्णाच. मी हिला म्हटलं, बघ, ताईला सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली, आपल्याला नुसतं भंगार. तू मनाला लावून घेऊ नकोस. आत्मा कोणाच्या बापाला मिळत नाही, तुला बापाकडून मिळाला.

इकडे सिमेंटचं काम झालं. सगळं सामान हलवून परत होतं तिथं मांडलं. शाळेचं मोठं फाटक करायला घेतलंय, वर वेलबुट्टी हवी म्हणतात, सगळी हाताने ठोकायची. कामात गळ्यापर्यंत बुडालोय.

तर कूटस्थ म्हणजे आत्मा हे नक्की झालं. आता तू आणखी अर्थबिर्थ शोधत बसू नकोस. जाड पुस्तकांचा बारीक टाइप, तुझ्या डोळ्यांना त्रास होईल. बघ, कू दीर्घ लिहिला.

तुझा भाऊ


२७ मार्च

ठोंब्या,

चष्मा लागून मला चौतीस वर्षं झाली. माझ्या डोळ्यांची काळजी तुला आज वाटली. चोराच्या मनात चांदणं!

त्यात पाकिटाच्या आतल्या बाजूला वहिनीच्या अक्षरात एक ओळ होती: "वन्सं, कोश बघाच." (तिला ओरडू नकोस. ओरडलास तर मला कळेल, ती पाकिटावर लिहील.)

आमच्या छापखान्यातला संस्कृत कोश काढला. तीन किलोचा आहे. कूट म्हणजे डोंगराचं शिखर. कूट म्हणजे ढीग. कूट म्हणजे कपट, म्हणून खोटा साक्षीदार तो कूटसाक्षी. कूट म्हणजे कोडं, म्हणून कूटप्रश्न. आणि कूट म्हणजे अयोघन. अयस् म्हणजे लोखंड. लोखंड, ठोंब्या! लोहाराकडची काहीतरी वस्तू.

आता यातलं आपल्या दुकानात काय काय आहे, ते तू सांग. शिखर नाही, एवढं मला आठवतं. ढीग आहे, मागच्या अंगणात. कपट गेल्या महिन्यापर्यंत नव्हतं.

ताई


४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

तुझ्यापासून काही लपवायचं नव्हतं. तुला उगाच जड वस्तूचा त्रास नको, एवढाच हेतू होता. पण तू कोश काढलास, मग मीही गप्प बसलो नाही. शाळेचं फाटक बघायला संस्कृतचे मास्तर येतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, अयोघन म्हणजे लोखंडाचा घण. साफ लिहिलंय म्हणे. घणच!

तेव्हा अण्णांचा घण तुला वेगळ्या पार्सलने पाठवलाय. पाच किलोचा आहे. त्यांच्या हातातली वस्तू, जपून ठेव. तुला एखादी सांडशी हवी होती, इथं तर चक्क घण मिळाला. आता माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

फाटकाचं काम जोरात आहे.

तुझा भाऊ


११ एप्रिल

ठोंब्या,

तुझ्या डोक्यावरचं ओझं पोस्टमनच्या डोक्यावर बसलं. चार मजले चढून आला, पार्सल दारात आपटलं, खालच्या मजल्यावरच्या काकू पळत वर आल्या. पोस्टमन म्हणाला, "बाई, तुमच्या भावाला पत्रच लिहायला सांगा."

मास्तरांना माझा नमस्कार सांग. कोशात घण आहे, मान्य. पण शब्द नुसता कूट नाही, कूटस्थ आहे. स्थ म्हणजे राहणारा. घण राहतो का कुठे? दिवसभर वर जातो, खाली येतो. शिवाय या घणाचा दांडा कोरा दिसतोय आणि डोक्यावर तुझाच शिक्का आहे, म्हणजे दोन्ही तूच बदललंस. ज्याचं डोकंही नवं आणि दांडाही नवा, तो कधी न बदलणारा? उचलली जीभ लावली टाळ्याला!

आता लोहाराच्या पोरीचं ऐक. लाल लोखंड येतं, ठोकून घेतं, आकार बदलून जातं. घण येतो, जातो, झिजतो, फुटतो. आणि या सगळ्यांच्या खाली एक वस्तू असते. सगळे घाव तिच्यावर पडतात, सगळे आकार तिच्यावर होतात, ती हलत नाही की बदलत नाही. पोथ्यांवर ज्यांनी टीका लिहिल्या ते हाच दाखला देतात, काल मी वाचला. कूटस्थ म्हणजे ऐरण.

आणि मी चौदाव्या वर्षी अण्णांना अर्थ सांगितला तेव्हा ते काय पुसत होते, ते मीच तुला दहा मार्चला लिहून पाठवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आता प्रश्न ऐरणीवर आलाच आहे, तर सरळ उत्तर दे. तुला हे केव्हा कळलं?

ताई


१५ एप्रिल

सौ. वन्संना,

कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी मुद्दाम वेगळं टाकतेय. तुमचं पत्र आल्यापासून हे मूग गिळून बसलेत. चार वेळा लिहायला घेतलं, चारदा फाडलं.

सिमेंटसाठी सामान हलवलं तेव्हा चार माणसं लावून ऐरण ओंडक्यावरून उतरवली. तिची एक बाजू कायम भिंतीकडे असायची. त्या बाजूला अण्णांनी अक्षरं ठोकून ठेवली आहेत, एकेका ठशाने. 'कुटस्थ'. पहिलं पत्र तुम्हाला टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच दिसलं आम्हाला. हे खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला म्हणाले, "ताईचं उत्तर येईपर्यंत बोलू नकोस." उत्तरात तुम्ही आत्मा लिहिलंत, आणि यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

वन्सं, यांची बाजू घेत नाही. तुमची वस्तू तुमची. पण लबाडीमागचं कारण सांगते. दुसऱ्या ऐरणीवर यांचा हात बसत नाही. मध्यंतरी बाजारातून नवी आणली होती, दोन दिवसांत परत केली. म्हणे हिचा आवाज उलट उत्तर दिल्यासारखा येतो. अण्णा गेल्यापासून सकाळी दुकान उघडलं की हे आधी ऐरणीवर हात ठेवून उभे राहतात. मला दिसतं, मी चहा घेऊन जरा थांबते.

आणि अजून एक. ऐरणीच्या कडेला एक टवका उडालेला आहे. अण्णा बाकी सगळ्या कडा घासून सारख्या करायचे, पण तेवढा टवका तसाच ठेवायचे. यांनी एकदा कानस लावली तर अण्णा यांच्या अंगावर ओरडले होते, "ते माझं काम नाही, थोरलीचं आहे, राहू दे." ती अक्षरं बरोबर त्या टवक्याखाली आहेत. हे तुम्हाला कोणी सांगितलंच नसणार, म्हणून मी सांगते.

आपली,
वहिनी


२० एप्रिल

ठोंब्या,

वहिनीचं पत्र पोचलं.

टवका माझा आहे. अकराव्या वर्षी माझा पहिलाच जोराचा घाव लोखंडावर न बसता कडेवर बसला होता. आता अण्णा मारतात म्हणून मी डोळे मिटले होते. त्यांनी मारलं नाही.

माझी ऐरण मला पाठव. चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, कुठं ठेवायची ते मी बघेन. फ्रिज बाहेर काढेन, पण ऐरण आत घेईन. तू माझ्यापासून हे लपवलंस, याचा मला फार राग आला आहे. कूटस्थ म्हणजे कपटात बसलेला, हाही अर्थ निघतो. तो मी तुझ्यासाठी ठेवलाय.

ताई


२९ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरंच जमिनीवर पालथा पडून.

लपवलं. चुकलं. दुसरा शब्द नाही. तू आत्मा लिहिलंस तेव्हा मी देवाला हात जोडले, एवढा मी स्वार्थी.

सोमवारी टेम्पो बोलावला. पुन्हा तीच चार माणसं. एकशेदहा किलो वजन, त्यात कोणाचं मन लागेना. खाली गोणपाट घातलं, दोरखंडांनी बांधली. टेम्पोवाल्याला तुझा पत्ता दिला, चौथा मजला म्हणून सांगितलं, तर तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग मी आत आलो आणि रिकाम्या ओंडक्यावर बसलो. शाळेचं फाटक अर्धवट भिंतीला टेकलेलं. आणि ताई, तुझ्या ठोंब्याच्या डोक्यात जन्मात पहिल्यांदा काहीतरी पेटलं.

अण्णांना ऐरण हा शब्द येत नव्हता का गं?

दिवसातून दहा वेळा तोंडात असायचा. ऐरण पूस, ऐरणीवर बसू नकोस, ऐरणीपाशी चप्पल नको. वहीत सगळीकडे ऐरणच लिहिलंय, मी पानं उलटून पाहिली. फक्त शेवटच्या पानावर हा शब्द. 'ऐरण थोरलीकडे' लिहिलं असतं तर मी कुरकुरलो असतो, मग टेम्पो केला असता, तुझी पोच आली असती आणि मामला मिटला असता. तू तिकडे, मी इकडे, आणखी नऊ वर्षं. त्यांनी असा शब्द लिहिला की मला काही म्हणजे काही कळू नये. आणि जो मला कळत नाही तो शब्द मी कोणाला विचारणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? नऊ वर्षांत एक चिठ्ठी नाही, आणि दोन महिन्यांत बघ किती पत्रं झाली. भांडणाचीच, पण झाली.

तेव्हा मी पुन्हा बाहेर गेलो आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, ताईला विचारतो, उत्तर येईपर्यंत थांब. तो माझ्या दारात टेम्पो लावून बसलाय. ही त्याला जेवायला घालतेय. तू पाठव म्हणालीस तर लगेच निघेल, शपथ घेतो. माझं मी बघेन. नव्या ऐरणीने उलट उत्तर दिलं तर ऐकून घेईन, घरात सवय आहे.

तेव्हा गिऱ्हाइकांसमोर बोललो ते मनात धरून बसलीस, ते बरोबरच आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की लोखंडातलं आपल्या घरात सगळ्यात आधी कोणाला कळलं. त्या टवक्यावर रोज माझा हात जायचा, आणि तरी मी तसं बोललो. मला माफ कर.

एक मात्र सांगायचं राहिलं. पहिल्याच पत्रात तू मला तांबडी खूण केलीस. मी अण्णांनी लिहिलंय तस्संच उतरवलं होतं. वहीतही कु ऱ्हस्व आहे आणि ऐरणीवरही. पाटी नव्याने रंगवून घेतोय. 'वेल्डिंग'ची वेलांटी पहिली की दुसरी, तेवढं कळव, म्हणजे पुन्हा नऊ वर्षं जायला नकोत.

तुझा
ठोंब्या


५ मे

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी मोजून नाही, मनापासून.

तुझं पत्र छापखान्यात वाचलं आणि सगळ्यांसमोर रडले. समोरच्या प्रुफावर डाग पडला, नवं काढायला लावलं. कपट हा अर्थ मी तुझ्यावर लावला होता. तो तुझा नव्हताच रे. अण्णांचा होता. शब्द असा शोधला म्हाताऱ्याने की लेकीला कोश उघडावा लागावा आणि लेकाला तोंड. आणि मी बसले होते, पोरीला उपदेश दिला म्हणून गळा काढत.

टेम्पोवाल्याला घरी जाऊ दे बिचाऱ्याला. ऐरण उतरव. त्याच ओंडक्यावर, त्याच जागी, पण आता अक्षरांची बाजू भिंतीकडे नको, दाराकडे कर. ऐरण माझी आहे, हे विसरायचं नाही. तिच्यावर काम तू करायचंस, हे माझं सांगणं. ज्याला हलवलं तर तो कूटस्थच उरत नाही, त्याला मी चार मजले चढवून फ्रिजशेजारी ठेवू? एवढी पोथी वाचून काय उपयोग झाला मग? कुटस्थ थोरलीकडे येत नसतो. थोरलीनेच त्याच्याकडे जायचं असतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. वहिनीला म्हणावं, चहा घेऊन दारात थांबू नकोस, आत ये. भट्टी पेटवून ठेव. त्या फाटकाच्या वेलबुट्टीतलं एक पान मी ठोकणार आहे. पाच किलोचा घण आता झेपायचा नाही, दोन किलोचा हातोडा काढून ठेव. तो घण मी दाराला टेकू म्हणून लावलाय, चांगला चालतो, परत मागू नकोस.

वेल्डिंग, पहिली वेलांटी.

आणि कुटस्थ, पहिला उकार. वर लिहिलाय तो चुकून नाही. अण्णांनी लोखंडात लिहिलंय, आता तेच शुद्ध.

तुझी
ताई